चार बांगड्यांचा जंतू

त्या दिवशी अंगनात कोन कोन होतं ते आधी सांगते, म्हंजे मागून कोनी म्हनू नये की म्हातारीनं मनानंच रचलं. मी होते. माझा लेक होता, सून होती. त्यांची पोरगी, म्हंजे माझी नात, नांदेडला कॉलेजात जंतूचं शिकते ती. माझा धाकटा दीर होता, तो गावाच्या कमिटीत. त्याच्यासंगं एक गडी, पाठीवर फवाऱ्याचा पंप, कापसावर मारतात तोच. आन कुडाच्या पल्याडून मान लांब करून बगत होती ती शेजारची पिंजाऱ्याची भाबी. माझ्याच वयाची, पन माझ्यापेक्षा दात जास्त. बस, एवढीच मानसं. मेंढरं रानात होती, न्हाईतर कमिटीनं त्यांच्याबी तोंडाला फडकी बांधली असती.

आता ही मानसं काहून जमली ते सांगते.

करोनाच्या पयल्या साली सगळं बंद झालं. नातीचं कॉलेज बंद झालं, वसतिगृह रिकामं करा म्हनले. एस्टी न्हाई, काही न्हाई. पोरगी भाजीच्या टेम्पोत बसून आली. तोंड बांधलेलं, डोळे तेवढे उघडे, आन मांडीवर एक पांढरा थर्माकोलचा डबा. नवी नवरी करंडा धरती तसा धरलेला.

"कपडे कुठं हायेत तुझे?" सूनबाईनं इचारलं.

"राहिले."

"गादी? बादली? मावशीच्या लग्नातला तो जरीचा ड्रेस?"

"समदं राहिलं, मम्मी. टेम्पोत जागा नव्हती. हेच आनलं."

डबा उघडला तर आत काय? काचेच्या बारक्या शिशा, बोटाएवढ्या. तोंडाला कापसाचे बोळे, अंगाला काळा कागद.

"काय हाय ह्याच्यात?"

"जंतू," पोरगी म्हनली.

सूनबाईनं डोक्याला हात लावला. मीबी लावला असता, पन माझ्या हाताला तवा काही कळतच नव्हतं. बाहेर पोलीस काठ्या घेऊन उभे. फोन लावावा तर आधी त्याच्यातून खोकला ऐकू येतो. हात धुवा, जंतू मारा, भाजी धुवा, जंतू मारा. सारी दुनिया जंतू मारून राहिली, आन आमची बया साडी-चोळी तिथंच टाकून जंतू घेऊन घरी आली.

बाहेरून आलेल्या मानसाला तवा शाळेत बसवायचे. तिलाबी बसवलं. तिथं ती डबा उशाशी घेऊन निजायची. राखनीला जो होता त्यानं इचारलं, पोरीनं खरं ते सांगितलं. हाच तर त्रास हाय ह्या पोरीचा. लपवनं येत न्हाई, आन समजून सांगनंबी येत न्हाई. ती शाळेतून घरी यायच्या आधी गावात झालं, की अमक्याच्या पोरीनं नांदेडहून डबाभर करोना आनला.

आता माझ्या पायाचं सांगते, कारन त्याच्याशिवाय हे कळायचं न्हाई.

माझे पाय मेले होते. दुखत नव्हते, दुखले असते तर बरं. आधी मुंग्या आल्या, मंग कापूस भरल्यावानी झालं, मंग जमीन कुठं हाय तेच कळंना. चप्पल पायातून निघून गेली तरी मी तशीच चालत राहायची. जीभ लालभडक, नुसतं वरन लागलं तरी आग. आयुष्यभर मी मेंढरामागं चालले. उन्हाळ्यात सिद्धेश्वरच्या धरनाचं पानी आटलं की तिथल्या हिरवळीला, पावसाळ्यात माळाला, आन हळद निघाली की कुरुंद्याच्या रानात. शेतकरी बोलवायचे, रात्रीची मेंढरं आमच्या रानात बसवा, खत होतंय. वाघर लावायची, म्हंजे जाळीचा गोल कोंडवाडा, त्याच्यात मेंढरं, आन कडेला आमी. मालक गेले तवाबी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी रानात होते. मेंढराला सुतक कळत न्हाई. आन आता मी बांधावरून खाली पडले, उगं, काही कारन न्हाई.

डाक्टर म्हनला, आजी, रगतात बी बारा न्हाई. अंडे खा, कलेजी खा. मी म्हनलं, बाबा, गळ्यात माळ हाय. तो म्हनला, मंग सुया घ्या. सुई लाल, कुंकवाचं पानी भरल्यावानी. घेत राहिले.

नात शाळेतून घरी आली तवा मी तिला इचारलं, "मेंढी काय खाती?"

"गवत."

"तिनं कधी कलेजी खाल्ली?"

"न्हाई."

"मंग तिला काहून कमी पडत न्हाई बी बारा? तिच्यात हाय म्हनून तर डाक्टर मला तिची कलेजी खा म्हनतो ना?"

पोरीचे डोळेच चमकले. "आजी, हेच तर शिकते मी!" आन बसली की सांगायला. माझ्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, चार, आन सारवलेल्या भुईवर मांडल्या. म्हनली, बी बारा ना मेंढी बनवती, ना गवत, ना मानूस. दुनियेत ते फक्त बारके जंतू बनवतात. मेंढीच्या पोटात असे जंतू राहतात, तिच्या गवतावर जगतात, आन भाड्यापोटी तिला बी बारा देतात.

"आन हे बग. चार बांगड्या, एकीला एक जोडली की एक मोठ्ठं कडं झालं. ह्या कड्याच्या मधात लोखंड बसवलं तर रगताचा लाल रंग. मॅग्नेशियम बसवलं तर पानाचा हिरवा. आन कोबाल्ट नावाचा धातू बसवला तर तुझी लाल सुई."

"म्हंजे रगत आन गवत भाऊ-भाऊ?"

"सख्खे न्हाई. चुलत म्हन."

हे मला आवडलं. सत्तरी होऊन गेली, पन एवढ्या साली कोनी सांगितलं नव्हतं की माझ्या अंगातलं लाल आन मेंढीच्या तोंडातलं हिरवं एकाच घरातलं हाय.

मंग तिनं तिच्या जंतूचं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात तिनं आमच्याच वाघरीच्या जागची माती नेली होती. लेंड्या, लोकर, मूत, समदं मिसळलेली. त्याच्यातून तिनं एक जंतू येगळा केला. जांभळ्या रंगात बुडवला की रंग पक्का धरतो, धुतला तरी सोडत न्हाई. तशी जंतूची एक जातच असती म्हनली, पक्क्या रंगाची. आन नोटा तपासायची निळी बत्ती असते ना दुकानात, ती त्याच्यावर मारली की तो पेटतो. इस्तवाच्या निखाऱ्यावानी लाल.

"काहून पेटतो?"

"तेच तर शोधायचं हाय. आजी, घोंगडी कशी करतात?"

मी म्हनलं, कातरायचं, पिंजायचं, सूत काढायचं, चिंचोक्याची खळ लावायची, मंग विनायचं. येगयेगळ्या हाताची कामं.

"बराबर. ते कडं बनवायलाबी तशीच मानसं लागतात, एकामागं एक. जंतूच्या आत लिवून ठेवलेलं असतं, कोनी काय करायचं. त्या एकेका लिखानाला जीन म्हनतात. आता समज, खळ लावनारी बाई आलीच न्हाई. मंग?"

"मंग काय, सुताचा ढीग पडंल. उंदरं लागतील."

"तसंच झालंय ह्याचं! एक कोनतरी कामावर न्हाई, म्हनून अर्धवट कड्यांचा ढीग साचलाय त्याच्या अंगात. तो ढीग लाल चमकतो. कोनची बाई गैरहजर हाय, ते मला काढायचंय. ते लिखान अर्धं वाचून झालंय. कॉलेज उघडंपर्यंत हा जगला पायजे, आजी. मेला तर माझं वर्ष गेलं. परत असला भेटंल न भेटंल."

आन मंग हळूच म्हनली, "ह्याला ऊन चालत न्हाई. तो लाल ढीग असतो ना, त्याच्यावर ऊन पडलं की तो त्यालाच आतून जाळतो. म्हनून काळा कागद."

हे मला सांगितलं. ध्यानात ठेवा. मला सांगितलं.

आता अंगनातल्या दिवसाकडं या.

दीर म्हनला, "वैनी, डबा बाहेर काढा. पेटवून देऊ, विषय खलास."

"भावजी," मी म्हनलं, "त्याच्यात करोना न्हाई."

"मंग काय हाय?"

नात पुढं झाली आन लागली सांगायला. काका, हा येगळा जंतू हाय, पक्क्या रंगाचा हाय, चार बांगड्यांचा हाय, मातीतला हाय. दीर तिच्या तोंडाकडं असा बगत होता जसा बैल नव्या दावनीकडं बगतो. पंपवाला गडी म्हनला, "ताई, जंतू हाय ना पन? व्हय का न्हाई एवढंच सांगा."

"व्हय, पन..."

"व्हय म्हनली!" गड्यानं पंपाचा दांडा हलवायला सुरवात केली.

मी लेकाकडं बगितलं, म्हनलं, तू बाप हायस, बोल काही. तो म्हनला, "मला काय इचारता, मला मेंढरं कळतात." बाप्या मानसाचं हे बरं असतं.

कुडापल्याडून भाबी वरडली, "अरे ओ कमिटीवाले! दही में क्या है फिर? उसमें भी जंतूच रहते. जाओ, पहले अपनी बायको का दही फवारो!"

"भाबी, तुमी मधात बोलू नका."

"मधात किधर? मैं तो कुडा के उधर हूं."

डबा वसरीवर होता, गडी तिकडं सरकला. पोरगी रडायच्या घाईला आली. तवा मी सुचलं ते केलं. डब्याशेजारी गेले, त्याच्यावर घोंगडी टाकली आन त्याला मांडीखाली घेऊन बसले. वजन न्हाई दिलं, नुसता पायाच्या कवेत घेतला. म्हनलं, "आता मार फवारा. म्हातारी मेली तर कमिटीनं लाकडं आनायची."

दीर चिडला. लई चिडला. लग्न होऊन मी आले तवा हा नाक गळत फिरायचा, त्याचं नाक मी पुसलेलं. तो म्हनला, "तुमचं घर, तुमी जाना. पन गावात कोनी खोकललं तर तुमच्या दारात आनून बसवीन." आन अंगनाभर, दाराच्या चौकटीला, तुळशीला, माझ्या काठीला फवारा मारून गेला. तुळस त्या औषधानं जळाली. करोना काही आमच्याकडं आला न्हाई, पन तुळस गेली ती गेलीच.

मंग आमच्या घरी जंतूचा पाहुनचार सुरू झाला. त्याला जेवन लागायचं. दर काही दिवसानं जुन्या शिशीतून नव्या शिशीत घालायचा, न्हाईतर उपाशी मरतो म्हने. जेवन म्हंजे मटनाचं पानी, आन ते थिजवायला चायना गवत, दुकानात भेटतं ते. ते समदं कुकरात शिट्ट्या मारून शिजवायचं, म्हंजे दुसरे फालतू जंतू मरतात आन आपल्याला जागा रिकामी. मी माळकरी, म्हनून माझ्या चुलीवर मटन न्हाई. ते पानी भाबीकडून यायचं. भाबी झाकन उघडून इचारायची, "आज तुम्हारा जमाई क्या खाएगा? मिर्ची डालूं?"

सूनबाई वैतागून गेली होती. "आत्याबाई, माझ्या वरनाच्या कुकरात जंतूचं जेवन! आन आपन काय खावं? त्याला मटन, आन आपल्याला बेसन." पन कुकर घासून द्यायची तीच. एकदा नातीनं तिला म्हनलं, "मम्मी, असं समज की हे माझं बियानं हाय. घरचं बियानं. हे जपलं तरच पुढचं पीक."

हे सूनबाईला कळलं. चार बांगड्या कळल्या न्हाईत, पन बियानं कळलं. त्या दिवसापासून ती शिशांना नावं ठेवायची थांबली. उलट उंदरं लागू नयेत म्हनून डबा उतरंडीच्या वरच्या गाडग्यावर नेऊन ठेवला.

पोरीनं मला खोलात सांगितलं, आईला वरवर सांगितलं. मला सांगितलं ऊन चालत न्हाई. आईला सांगितलं बियानं हाय. मीबी म्हनलं, आईला सांगितलंच असंल. कोनी कोनाला काय सांगितलं ह्याचा ह्या घरात कधी मेळ लागला म्हनून तवा लागंल.

पावसाळा आला. झड लागली. भिंती ओल्या, गोधड्या ओल्या, काडीपेटी पेटंना. डब्यातल्या काळ्या कागदाला पांढरी बुरशी धरली, कुबट वास यायला लागला. मंग एका दिवशी पाऊस उघडला, लखलखीत ऊन पडलं. त्याच दिवशी माझ्या सुईची पाळी. नात मला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली, लेकाच्या फटफटीवर. तिथं ही रांग. तोंडाला फडकं बांधून बसा, दूर दूर बसा, नर्सबाई जेवायला गेली, बसा. दिस कलला तवा सुई भेटली.

घरी आलो तर अंगनात पाय ठेवायला जागा न्हाई. गोधड्या वाळत घातलेल्या, तुरीची दाळ, मिरच्या, हळकुंडं, शेवाया. आन मधोमध बाजेवर, धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर, लिंबाचा पाला अंथरून, त्याच्यावर एका रांगेत त्या शिशा. काळे कागद काढून टाकलेले. काच अशी चमकून राहिली की डोळ्याला सहन होईना.

सूनबाई उठून आली. तोंडावर एवढा आनंद. "बग, तुझं बियानं. पार बुरशी धरून राहिलं होतं. सकाळधरनं उन्हात हाय, तीनदा फिरवलं. आता ह्याला कीड लागत न्हाई."

आमच्याकडं बियानं असंच राखतात. ज्वारीचं असो, तुरीचं असो, कडक ऊन दाखवायचं, लिंबाचा पाला घालायचा, मंग गाडग्यात भरायचं. बियान्याला ऊन दाखवलं न्हाई तर त्या बाईला फुहड, म्हंजे गबाळी, म्हनतात. सूनबाईनं जे केलं ते जीव लावून केलं, हेच तर वंगाळ. राग करावा तर कोनावर करावा?

पोरीनं शिशा गोळा केल्या, पदरात धरल्यावानी ओढनीत धरल्या, आत गेली. म्हनली, "आजी, घोंगडी दे." दिवसाउजेडी निळ्या बत्तीचं दिसत न्हाई, म्हनून ती घोंगडीखाली शिरली. मीबी शिरले. आत लोकरीचा वास, आमच्या दोघींचा घाम, आन ती शिशीमागून शिशी बत्तीपुढं धरून राहिली. आधी मला दाखवायची तवा अंधारात निखारा पेटायचा. आता नुसता अंधार. दुसरी धरली, अंधार. तिसरी. मी म्हनलं, बत्ती बिघडली असंल. तिनं बत्ती माझ्या लुगड्यावर मारली, साबनानं धुतलेलं पांढरं ते निळं चमकलं. बत्ती चांगली होती.

"मेले?" मी इचारलं.

"आत्ताच सांगता येत न्हाई. लाल ढीग तर गेला."

घोंगडी काढली तर सूनबाई समोर उभी. "काय झालं गं? काय झालं?"

"मम्मी, त्याला ऊन चालत न्हाई."

"बियान्याला?"

"ते बियानं न्हाई गं!"

"तूच म्हनली ना बियानं! माझ्या तोंडावर म्हनली! आत्याबाई, तुमी होत्या ना, म्हनली का न्हाई ही?"

"म्हनली," मी म्हनलं.

"मंग बियानं म्हनायचं आन ऊन नको हे सांगायचं न्हाई? मी काय देवी हाय का, मला काय अंगात येऊन कळनार?"

"हात लावू नको एवढं तर म्हनले होते."

"हात लावू नको तर तू दाळीच्या डब्यालाबी म्हनती!"

दोघी रडायला लागल्या. दोघीबी खऱ्या, दोघीबी चुकल्या, आन मी मधात. माझे पाय मेलेले, कंबर दुखून राहिली, दाळ अंगनात, आन वरून ढग आले. मी म्हनलं, "रडून झालं की दाळ उचला. जंतू गेला तो गेला, दाळ तरी भिजू देऊ नका." दुसरं काय म्हननार? मालक गेले तवाबी मी मेंढरं मोजली होती.

पोरीनं हार मानली न्हाई, हे सांगायला पायजे. भाबीकडून पानी आनलं, नवीन शिशा भरल्या, जुन्यातलं तारेच्या टोकानं नव्यात ओढलं. कुकर सूनबाईनंच लावला, कुरकुर न करता. भाबीनंबी त्या दिवशी मिरचीचं इचारलं न्हाई. मंग वाट बगायची. सूनबाई रोज सकाळी आंघोळ झाली की आधी शिशांपाशी जायची, वाकून बगायची, हात मागं बांधून. बऱ्याच शिशा तशाच राहिल्या, कोऱ्या. एका शिशीत काहीतरी उगवलं. फिक्कट, वाळलेल्या दुधाच्या थेंबावानी.

"आला! जगला!" सूनबाई वरडली.

घोंगडीखाली नेलं, बत्ती मारली. पेटला न्हाई. हाय तो जिवंत, पन लाल न्हाई.

मी म्हनलं, "हा तोच हाय का दुसराच कोनी घुसला?"

पोरगी म्हनली, "तोच असंल. पन ह्याच्यातली अजून एक बाई कामावर यायची बंद झाली असंल, आधीचीच कोनतरी. म्हनून ढीगच साचला न्हाई, म्हनून ऊन बाधलं न्हाई. म्हनून हा एकटाच वाचला."

"मंग हे चांगलं का वाईट?"

"दोनीबी, आजी."

हे असं उत्तर. शिकलेल्या मानसाला सरळ इचारलं तरी सरळ सांगता येत न्हाई.

तिनं कॉलेजच्या मॅडमला फोन लावला. मी शेजारीच बसले होते. मॅडम वरडल्या न्हाईत, बाई भली असावी. म्हनल्या, लाल असता तर काम पुरं झालं असतं. फिक्कट आन, त्याचं वाचू, लालचं जेवढं वाचून ठेवलंय त्याच्याशी लावून बगू. पन वर्ष जास्तीचं लागंल. आन जमलं तर परत त्याच मातीतून लाल शोध.

त्याच मातीतून! मेंढरं बसवलेलं ते रान तवापर्यंत नांगरून हळद लावून झालेलं. तरी सूनबाई गेली. लेकाला संगं घेऊन, ज्या ज्या रानात आपली वाघर लागली होती त्या प्रत्येक रानातून तिनं माती उकरून आनली. हळदवाला शेतकरी म्हनला, वैनी, माती कुठं नेता, आमची काय चोरी? ती म्हनली, पोरीच्या अभ्यासाला. तो म्हनला, आता मातीचाबी अभ्यास व्हय? सूनबाई उकरतच राहिली. प्रत्येक रानाची माती येगळ्या डब्यात, प्रत्येक डब्याला काळं फडकं शिवलेलं, टाके असे घट्ट की ब्लेडनं उसवावे लागले.

कॉलेज उघडलं तवा पोरगी फिक्कट शिशी आन ते डबे घेऊन गेली. लाल काही परत सापडला न्हाई. येगयेगळे जंतू निघाले, पक्क्या रंगाचेबी निघाले, पन बत्तीखाली पेटनारा तो एकच होता, तो आमच्या अंगनात बाजेवर गेला. नातीनं फिक्कटवर काम केलं. कोनची दुसरी बाई गैरहजर झाली ते तिनं काढलं म्हने. पन पयली कोनची होती, जिच्यामुळं तो लाल पेटायचा, ते अर्धंच राहिलं. मास्तरांनी पास केली. वर्ष उशिरा. तिच्या संगतीच्या पोरी तवापर्यंत नोकरीला लागल्या होत्या. आता ती अजून पुढं शिकून राहिली, आन अजून माती मागती.

माझे पाय थोडे परत आले. जमीन कळते, खडा कळतो, पन अंगठे अजून मेलेलेच हायेत. डाक्टर म्हनतो, आजी, उशीर केला, जे गेलं ते गेलं. सुया चालू हायेत. लाल सुई दंडात जाते तवा मी नर्सबाईला म्हनते, हे जंतूनं बनवलेलं हाय, माहीत हाय का? ती म्हनते, आजी, हात हलवू नका.

सूनबाईला कोनी काही म्हनत न्हाई. तीच तिला म्हनते. आजबी अंगनात काही वाळू घातलं की आधी नातीला फोन करून इचारती, घरात तुझं काही हाय का गं? पोरगी तिकडून वैतागती, मम्मी, कॉलेज उघडल्यापासून मी तिथं काही ठेवलं न्हाई. तरी इचारती.

म्हनून हे कोनी वाचत असंल, आन शिकनारं लेकरू असंल, तर एवढंच मागनं हाय. घरी काही जपायला आनलं तर ते काय हाय ते मागून सांगा, किती भारी हाय तेबी मागून सांगा. आधी हे सांगा की ते कशानं मरतं. आन ते घरातल्या एकाला सांगू नका, समद्यांना बसवून सांगा.